मालदीवमधील स्कूबा पर्यटन

मालदीवमधील स्कूबा पर्यटन म्हणजे हिंदी महासागरातील मालदीव या द्वीपराष्ट्रात, पाठीवर संपीडित हवेची टाकी घेऊन प्रवाळभित्तींवर बुडी मारण्यासाठी केली जाणारी सहल आणि तिच्याभोवती उभा राहिलेला व्यवसाय होय. १९७२ साली एका बेटावरच्या काही खोल्यांपासून त्याची सुरुवात झाली. २०२४ मध्ये सुमारे पाच लाख लोकवस्तीच्या या देशाला २० लाखांहून अधिक विदेशी पर्यटकांनी भेट दिली. त्या सर्वांनीच पाण्याखाली बुडी मारली असे नाही. तरी पांढरी वाळू, उथळ निळे पाणी आणि मोठ्या लाटांपासून सुरक्षित असलेला किनारा या ज्या गोष्टींसाठी पर्यटक येतात, त्या सर्व प्रवाळभित्तींनीच निर्माण केलेल्या आहेत. त्यामुळे या पर्यटनाचा इतिहास हा त्या भित्तींच्या वापराचा आणि संरक्षणाचाही इतिहास ठरतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

मालदीवमध्ये सुमारे १,२०० लहान बेटे असून ती २६ नैसर्गिक कंकणद्वीपांमध्ये विखुरलेली आहेत. ही माळ उत्तर-दक्षिण सुमारे ८७० किलोमीटर पसरली आहे. तिच्या उत्तरेस भारताची लक्षद्वीप बेटे आहेत. मालदीवची राजभाषा दिवेही ही इंडो-आर्य कुळातील असून लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर तिचीच एक बोली बोलली जाते. इंग्रजीतील 'अॅटॉल' हा कंकणद्वीपाचा वाचक शब्द दिवेही भाषेतील 'अतोळु' या शब्दावरूनच आला आहे.

कंकणद्वीप म्हणजे प्रवाळांचे एक मोडके कडे. कड्याच्या आत शांत खारकच्छ असते, त्याची खोली साधारणपणे काही दशक मीटर. कड्याबाहेर मात्र समुद्रतळ झपाट्याने शेकडो मीटर खाली जातो. कड्यात जागोजागी खिंडारे असतात. त्यांना दिवेहीत 'कांडू' म्हणतात. भरतीच्या वेळी महासागराचे पाणी या कांडूंतून आत घुसते व ओहोटीला बाहेर पडते. खारकच्छाच्या तळातून वर आलेल्या पण पृष्ठभागापर्यंत न पोहोचलेल्या प्रवाळटेकडीस 'थिला', तर माथा जवळजवळ पाण्याच्या पातळीपर्यंत आलेल्या टेकडीस 'गिरी' असे म्हणतात. जगभरातील पाणबुड्यांच्या बोलण्यात हे शब्द आता रूढ झाले आहेत.

या कड्यांचा पहिला शास्त्रशुद्ध नकाशा मुंबईशी निगडित आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईस्थित नौदलातील अधिकारी रॉबर्ट मोर्सबी याने १८३४ ते १८३६ या काळात मालदीवचे सर्वेक्षण केले. त्याच्या हाताखालील यंग व ख्रिस्तोफर या दोन अधिकाऱ्यांनी मालेत राहून तेथील लोकजीवनाविषयी लिहिलेला वृत्तान्त मुंबईच्या जिऑग्राफिकल सोसायटीने प्रसिद्ध केला. चार्ल्स डार्विनने मालदीव कधी पाहिले नव्हते. तरी १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवाळभित्तींवरील ग्रंथात त्याने मोर्सबीच्या नकाशांचा भरपूर आधार घेतला. खचत जाणाऱ्या भूभागाभोवती प्रवाळ वर वर वाढत राहतात आणि शेवटी फक्त कडे उरते, हा त्याचा सिद्धान्त आजही मूलतः ग्राह्य मानला जातो.

इतिहास

१९४३ साली फ्रान्समध्ये जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी मागणीनुसार हवा पुरवणारा रेग्युलेटर तयार केला, आणि माणसाला नळीविना पाण्याखाली फिरणे शक्य झाले. मालदीवचे पाण्याखालील जग बाहेर प्रथम पोहोचवले ते ऑस्ट्रियन जीवशास्त्रज्ञ व चित्रपटकार हान्स हास याने. १९५७-५८ मध्ये 'झारिफा' या शिडाच्या जहाजातून त्याने येथे मोहीम आणली. प्राणिवर्तनशास्त्रज्ञ आयबल-आयबेस्फेल्ट तिच्यात सहभागी होता. वाळूत उभे राहून शेपटीकडचा भाग बिळात रोवणाऱ्या वामसदृश माशांची एक जात या मोहिमेनंतर वर्णिली गेली व तिला हासचे नाव देण्यात आले.

मालदीव १९६५ मध्ये स्वतंत्र झाले, तेव्हा देशाची उपजीविका प्रामुख्याने ट्यूना मासळीवर होती. बँका, बंदर, पुरेसे गोडे पाणी यांपैकी फारसे काही नव्हते. पर्यटन येथे चालणार नाही असे मत त्या काळी तज्ज्ञांनी दिले होते, असे मालदीवमध्ये आजही काहीशा अभिमानाने सांगितले जाते. १९७२ च्या आरंभी जॉर्ज कॉर्बिन या इटालियन प्रवास-व्यावसायिकाने वीसएक इटालियन पाहुणे आणले. ते मालेतील घरांतून राहिले, मासेमारी व पोहणे यांत रमले आणि पुन्हा येण्याची इच्छा व्यक्त करून गेले. अहमद नसीम, मोहम्मद उमर मणिकू व त्यांच्या सहकाऱ्यांनी विहामनाफुशी या निर्मनुष्य बेटावर नारळाच्या झाडांत तीस खोल्या बांधल्या. 'कुरुंबा' म्हणजे शहाळे, या नावाचे हे पहिले रिसॉर्ट ऑक्टोबर १९७२ मध्ये सुरू झाले. मालेशेजारच्या हुलुले बेटावरील धावपट्टी वाढवून १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ झाल्यावर युरोपातून थेट विमाने येऊ लागली.

त्याच वर्षी, १३ फेब्रुवारी १९८१ रोजी, 'मालदीव व्हिक्टरी' हे ११० मीटर लांबीचे मालवाहू जहाज हुलुलेजवळच्या भित्तीवर आदळून बुडाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. जहाज सुमारे ३५ मीटर खोलीवर तळाशी सरळ उभे आहे. त्यावर प्रवाळ व स्पंज वाढले असून ते देशातील सर्वांत परिचित बुडीस्थळांपैकी एक बनले.

'एक बेट, एक रिसॉर्ट' ही मालदीवची खास रचना. सरकार निर्मनुष्य बेट दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देते. वीज, समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी, सांडपाण्याची व्यवस्था हे सारे भाडेकरूने उभारायचे. मुस्लिम समाजजीवन व विदेशी पाहुण्यांचे मद्य-पोशाख यांची गाठ पडू नये, हाही त्यामागील एक हेतू होता. परिणामी सामान्य मालदीवी माणसाला पर्यटनाचा संबंध नोकरीपुरताच येई. २००९ नंतर लोकवस्तीच्या बेटांवर अतिथिगृहांना परवानगी मिळाली आणि माफुशीसारख्या बेटांवर स्थानिक कुटुंबे पाहुण्यांना खोल्या देऊ लागली. स्कूबाची सहल काहीशी स्वस्त झाली ती त्यामुळे.

बुडीचे स्वरूप

रिसॉर्टवर पोहोचलेल्या पाणबुड्यास प्रथम प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, बुड्यांची नोंदवही आणि आरोग्याविषयीची प्रश्नावली सादर करावी लागते. पहिली बुडी उथळ व शांत पाण्यात प्रशिक्षकासमवेत होते. मुखवट्यात शिरलेले पाणी काढणे, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर पुन्हा मिळवणे, तरंगण्यावर ताबा ठेवणे ही कौशल्ये तेथे तपासली जातात. प्रमाणपत्र नसलेल्यास तीन-चार दिवसांच्या प्राथमिक अभ्यासक्रमानंतर १८ मीटरपर्यंत जाता येते.

बुडीची दोन ठिकाणे असतात. एक बेटालगतची भित्ती: किनाऱ्यावरून चालत जाऊन, फळ्यावर नाव व वेळ लिहून, जोडीदारासह तिच्यावर उतरता येते. दुसरे दूरचे थिला व कांडू. तेथे 'दोनी' नावाच्या होडीने जावे लागते. हा शब्द संस्कृत 'द्रोणी' व मराठी 'डोणी' यांच्याशी मिळताजुळता आहे. पूर्वी शिडाच्या असलेल्या या होड्यांवर आता यंत्र, टाक्यांच्या ओळी व सावलीसाठी छप्पर असते. नाळेचा उंच वळलेला आकार मात्र जुन्या वळणाच्या होड्यांवर अजून दिसतो.

कांडूतील बुडी ही मालदीवची खासियत आहे. भरतीचा प्रवाह आत येत असताना पाणबुडे कड्याबाहेर उडी घेतात, खिंडारीच्या ओठाशी येऊन मृत खडकाला आकडा अडकवतात आणि प्रवाहात निशाणासारखे फडकत थांबतात. समोरच्या निळ्या पाण्यात करड्या मुशी, गरुड-पाकट, ट्यूना यांचे थवे प्रवाहाला तोंड देत फिरत असतात. प्रवाहाची दिशा चुकीची ठरली तर तोच पाणबुड्याला खोल समुद्राकडे नेतो. म्हणून भरती-ओहोटीचे गणित, प्रवाहाची पाहणी आणि पाण्यातून वर येताना फुगवून उभारायची नारिंगी खूणनळी यांना येथे टाकीइतकेच महत्त्व आहे.

मान्सूननुसार पाण्याचे रूपही पालटते. डिसेंबर ते एप्रिलच्या ईशान्य मोसमात, ज्याला दिवेहीत 'इरुवाइ' म्हणतात, प्रवाह पूर्वेकडून येतात. तेव्हा पूर्वेकडील कांडूंत स्वच्छ पाणी व मुशी, तर पश्चिमेकडे प्लवकांनी गढूळ झालेले पाणी व ते खाण्यास आलेले मांटा आढळतात. मे ते नोव्हेंबरच्या नैर्ऋत्य मोसमात, म्हणजे 'हुळंगू'मध्ये, हे चित्र उलटते. जाहिरातींतील काचेसारखे पाणी आणि मांटांचे थवे एकाच ठिकाणी एकाच दिवशी सहसा मिळत नाहीत, हे नवख्या पर्यटकास उशिरा कळते. पाण्याचे तापमान मात्र वर्षभर साधारण २७ ते ३० अंश सेल्सिअस असते.

हवा, दाब आणि वेळ

समुद्रात दर १० मीटर खोलीस दाब एका वातावरणाइतका वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, ३० मीटरवर चार. फुप्फुसांत जाणारी हवाही त्याच दाबाची असावी लागते, म्हणून खोल गेल्यावर टाकी लवकर रिकामी होते. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा मनुष्य २० मीटर खोलीवर मिनिटाला ६० लिटर वापरतो. ५० बारचा साठा राखून ठेवला तर त्यास जेमतेम अर्धा तास मिळतो. घाबरून जोराने श्वास घेणाऱ्यास त्याहूनही कमी.

वर येतानाचे दोन धोके वेगळे आहेत. श्वास रोखून वर आल्यास दाब घटून फुप्फुसांतील हवा प्रसरण पावते व फुप्फुस फाटू शकते. म्हणून श्वास कधीही न रोखणे हा स्कूबाचा पहिला नियम. दुसरा धोका नायट्रोजनचा. वाढलेल्या दाबाखाली तो रक्तात व ऊतींत विरघळतो. वेगाने वर आल्यास सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडावे तसे त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत विकार उद्भवतात. यासाठी मिनिटाला सुमारे ९ मीटरपेक्षा अधिक वेगाने वर न येणे व ५ मीटरवर तीन मिनिटे थांबणे हा प्रघात आहे. आजार झालाच तर उच्चदाब कक्षात प्राणवायू देऊन उपचार करतात. असा कक्ष बंडोस यांसह काही बेटांवर आहे.

मालदीवच्या नियमांनुसार मनोरंजनासाठी बुडी मारणाऱ्यास ३० मीटरपेक्षा खोल जाता येत नाही आणि वर येताना टप्प्याटप्प्याने सक्तीने थांबावे लागेल इतका वेळ खाली राहता येत नाही. 'मालदीव व्हिक्टरी'चा तळ या मर्यादेपलीकडे आहे. अनेक रिसॉर्टांवर ३२ टक्के प्राणवायूचे 'नायट्रॉक्स' मिश्रण मिळते. त्यात नायट्रोजन कमी असल्याने खाली थोडे अधिक थांबता येते. परंतु दाबाखाली प्राणवायूही विषारी ठरत असल्याने हे मिश्रण सुमारे ३४ मीटरपलीकडे वापरत नाहीत.

नायट्रोजन सहलीचे वेळापत्रकही ठरवतो. अनेक दिवस बुड्या मारल्यानंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा असा सल्ला आहे. बहुतेक केंद्रे २४ तास सांगतात. त्यामुळे आठवड्याच्या सहलीचा शेवटचा दिवस कोरडाच जातो.

जीवसृष्टी आणि तिचे मोल

मालदीवी मच्छीमारांनी शतकानुशतके खुल्या समुद्रातील ट्यूना गळाने पकडली. भित्तीवरील मासळीला स्थानिक जेवणात गौण स्थान होते. पहिल्या पाणबुड्यांना भित्ती माशांनी गजबजलेल्या दिसल्या, त्याचे एक कारण हे. पर्यटन वाढल्यावर रिसॉर्टांच्या स्वयंपाकघरांत भित्तीवरच्या मासळीस मागणी आली, तर १९९० च्या दशकात पूर्व आशियातील बाजारासाठी हेकरूच्या जातीच्या माशांची निर्यात वाढली. मुशींची शिकार पर व यकृततेलासाठी होई.

मुशीच्या प्रश्नावर एका हिशेबाचा मोठा प्रभाव पडला. १९९० च्या दशकाच्या आरंभी मालदीवमध्ये झालेल्या अभ्यासात असे मांडले गेले की एक करडी मुशी मारून मच्छीमारास एकदाच सुमारे ३२ डॉलर मिळतात, तर तीच मुशी जिवंत राहून पाणबुड्यांच्या शुल्कातून सरासरी वर्षाला सुमारे ३,३०० डॉलर मिळवून देते. हिशेब बिनतोड होता, पण त्यातील दोन रकमा दोन वेगळ्या खिशांत जात होत्या: पहिली मच्छीमाराच्या, दुसरी प्रामुख्याने रिसॉर्टच्या. १९९५ मध्ये १५ बुडीस्थळे संरक्षित घोषित झाली आणि २०१० मध्ये देशभर मुशींच्या मासेमारीवर बंदी आली.

दक्षिण अरी कंकणद्वीपाच्या बाहेरील कडेला व्हेल शार्क वर्षभर दिसतात. त्यांतील बहुसंख्य वयात न आलेले नर आहेत. जगातील या सर्वांत मोठ्या माशाचा तो पट्टा २००९ मध्ये संरक्षित झाला. एकाच माशाभोवती अनेक होड्यांची दाटी आणि पंख्यांनी होणाऱ्या जखमा ही तेथील जुनी तक्रार आहे.

बा कंकणद्वीपातील हनिफारू हे उथळ, नरसाळ्याच्या आकाराचे खारकच्छ याहून बोधक आहे. नैर्ऋत्य मोसमात, विशेषतः अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला, येथे प्लवके कोंडली जातात आणि कधी कधी शंभराहून अधिक मांटा, पाकटाच्या कुळातील हे महाकाय मासे, वर्तुळात फिरत ती गाळून खातात. प्रत्येक मांटाच्या पोटावरील ठिपक्यांची मांडणी निराळी असते. तिच्यावरून संशोधकांनी मालदीवमधील हजारो मांटांची ओळखयादी केली आहे. हनिफारूची छायाचित्रे जगभर गेल्यावर पाणबुड्यांची झुंबड उडाली. २०११ मध्ये बा कंकणद्वीपास युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि २०१२ पासून हनिफारूत स्कूबास मनाई झाली. आता तेथे फक्त मुखवटा व नळी लावून, मर्यादित संख्येने व मर्यादित वेळ, पृष्ठभागावरून पाहता येते. ज्या स्थळाने पाणबुड्यांना भुरळ घातली, ते त्यांच्या टाक्यांविनाच पाहावे लागते.

पोपटमासा हा या यादीत दुर्लक्षिला जातो. प्रवाळ खडकावरील शेवाळ खरवडताना तो चुनखडक चावून गिळतो आणि वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. वक्कारू बेटाभोवती २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांनी निर्मिलेली आढळली. रिसॉर्टची प्रसिद्ध पुळण, म्हणजे बहुतांशी, माशांची विष्ठा आहे.

प्रवाळांवरील संकट

प्रवाळ हा प्राणी आपल्या ऊतींत सूक्ष्म शैवाल बाळगतो. त्याला बहुतेक अन्न व रंग त्यांच्याकडून मिळतो. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंश-दीड अंशाने काही आठवडे तापलेले राहिले तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो व पांढरा पडतो. यास विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, अन्यथा उपासमारीने मरतो.

१९९८ च्या एल निन्योच्या वेळी मालदीवमधील उथळ भित्तींवरील बहुतांश प्रवाळ मेले. मध्य भागातील अनेक भित्तींवर जिवंत प्रवाळांचे आच्छादन दोन-चार टक्क्यांपर्यंत खाली आले. पुढील पंधरा-सोळा वर्षांत ते बरेच भरून निघाले, हे आश्वासक होते. २०१६ मध्ये पुन्हा तापमान वाढले, आणि पाहणी केलेल्या प्रवाळांपैकी सुमारे ६० टक्के पांढरे पडले. २०२४ मधील जागतिक विरंजनाची झळही या बेटांना बसली. दोन आपत्तींमधील अंतर कमी होत गेले, तर सावरण्यास लागणारा वेळच मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

१७ ऑक्टोबर २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी गिरिफुशी बेटाजवळ समुद्रतळावर मंत्रिमंडळाची बैठक घेतली. स्वतः प्रशिक्षित पाणबुडे असलेले नशीद व त्यांचे मंत्री मेजांभोवती बसले, हातवाऱ्यांनी बोलले आणि कार्बन उत्सर्जन घटवण्याचे आवाहन करणाऱ्या निवेदनावर त्यांनी सह्या केल्या. कोपनहेगन परिषदेपूर्वीच्या या घटनेची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. तो देखावा होता, यात शंका नाही. पण ज्या देशाची जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटर उंच आहे, त्याच्याकडे दुसरे साधन फारसे नव्हते.

स्थानिक पातळीवरील हानीही कमी नाही. मालेतील १६५८ सालच्या हुकुरु मिस्की या मशिदीसह जुन्या इमारती प्रवाळखडकाच्या आहेत, आणि विसाव्या शतकात बांधकामासाठी भित्ती मोठ्या प्रमाणावर खोदल्या गेल्या. आता तसे खोदकाम निर्बंधित आहे, पण नव्या बेटांसाठी खारकच्छांतील वाळू उपसून भराव घातले जातात व त्या गाळाखाली प्रवाळ गुदमरतात. तरंगण्यावर ताबा नसलेल्या नवशिक्याच्या पायातील पंखाने मोडणारी फांदी यापुढे क्षुल्लक आहे. तरी रोज शेकडो पाणबुडे उतरणाऱ्या थिलावर तिचाही हिशेब होतो. पर्यटकांकडून दर रात्रीमागे हरित कर घेतला जातो; रिसॉर्टमधील पाहुण्यांसाठी तो २०२५ पासून ६ डॉलरवरून १२ डॉलर झाला.

अनेक रिसॉर्टांनी लोखंडी सांगाड्यांवर प्रवाळांचे तुकडे बांधून भित्तीलगत रोपवाटिका केल्या आहेत. पाहुणे पैसे देऊन एखादा सांगाडा दत्तक घेतात आणि त्याची छायाचित्रे त्यांना वर्षभर पाठवली जातात. मोडलेल्या भित्तीचा एखादा कोपरा यामुळे लवकर भरतो. मात्र सांगाड्यावर बहुधा लावले जातात ते झपाट्याने वाढणारे फांद्यांचे प्रवाळ, आणि तापलेल्या पाण्यात सर्वांत आधी पांढरे पडणाऱ्यांमध्ये त्यांचीच गणना होते.